कोण म्हणालं, तेवढं सांग

मुरुमच्या आडत बाजारात महांतेशचा आवाज ओळखत नाही असा शेतकरी शोधूनही सापडायचा नाही. तूर असो, उडीद असो, हरभरा असो, ढिगापुढं उभा राहून तो सौदा पुकारायला लागला की रस्त्यापलीकडची म्हैससुद्धा रवंथ थांबवून मान वळवायची. आवाज त्याला वडिलांकडून मिळाला होता आणि जीभ आजोळाहून. आजोळ सीमेपलीकडं, आळंदच्या बाजूला. त्यामुळं मराठीत निघालेलं वाक्य कन्नडातून वळसा घालून दखनीत कधी जाऊन थांबेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.

असा माणूस गावात असताना क्रिकेटच्या सामन्यांची कॉमेंट्री दुसऱ्या कुणाकडं जाणार? गावाच्या उत्तरेच्या माळावर दर हिवाळ्यात टेनिस बॉलचे सामने भरायचे. चार बांबूंवर कापड ताणलेलं, खाली टेबल, टेबलावर माईक आणि माईकमागं महांतेश. भोंगे लावलेले दोन बाजूंना. काही मैदानाकडं तोंड करून, काही गावाकडं. गावाकडचे भोंगे ही अण्णारावांची हौस. अण्णाराव म्हणजे निवृत्त तलाठी, स्पर्धेचे अध्यक्ष, आणि अंपायर व्हायला कुणी तयार होत नसल्यामुळं अंपायरही तेच. जो मैदानावर येऊ शकत नाही त्यालाही घरबसल्या सामना कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भरीला एका मोबाईलवरून सगळं यूट्यूबवरही जायचं.

महांतेशची कॉमेंट्री ऐकायला लोक लांबून यायचे. बॅट्समन चकला की तो म्हणायचा, गिऱ्हाइकानं माल हातात घेतला, भाव विचारला आणि पिशवी झटकून निघून गेलं. बॉल शेजारच्या रानात गेला की फिल्डरला बजावायचा, बाबा, जपून, परवाच पाणी दिलंय, गहू तुडवशील तर मालक तुला पिकासकट काढील. कुणी एकेरी धाव घेताना धापा टाकू लागला तर त्याच्या लग्नातल्या जेवणाचा उल्लेख व्हायचा. सगळे हसायचे. ज्याच्यावर बोललं जायचं तोही हसायचा. महांतेशला वाटायचं, आपल्या जिभेला अवघड असं काही या माळावर नाही.

त्या वर्षीच्या साखळी सामन्यात मात्र अवघड आलं.

मुरुमचा सामना होता ओढ्यापलीकडच्या गावाशी. गाव तसं मोटरसायकलवर विडा चघळून होईपर्यंत येणारं, महांतेशची सासुरवाडीही तिथलीच. पण मैदानावर दोन गावांचं हाडवैर. मुरुमचा बॉलर होता तौसिफ. उंच, काटकुळा, पेशानं फरशी बसवणारा. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशीच्या रेषा जुळवायचा आणि रविवारी उभा राहून दुसऱ्यांच्या दांड्या मोडायचा. शाळेत तो आणि महांतेश एका बाकावर होते. महांतेश बोलायचा, तौसिफ ऐकायचा आणि मास्तरांचा मार दोघं वाटून घ्यायचे.

तौसिफनं पहिल्याच ओव्हरला दांडी उडवली आणि मैदानाच्या कडेच्या बाभळीखाली बसलेल्या पलीकडच्या पोरांचं तोंड सुटलं. त्यांत पुढं होता भीमाशंकर. घसा मोठा आणि काम थोडं असा पोरगा. आधी तौसिफच्या उंचीवरून झालं, ते ठीक होतं. मग नावावरून झालं. मग दाढीवरून, मशिदीवरून, आणि मग तो ठरलेला सल्ला आला, की बॉलिंग करायची तर पाकिस्तानला जाऊन कर. आजूबाजूची पोरं खिदळली आणि त्यातून आणखी घाण शब्द आले. तौसिफनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण पुढचे बॉल वाईड गेले. कॅप्टननं त्याला बाउंड्रीवर पाठवलं. बाउंड्री नेमकी बाभळीपुढचीच निघाली.

महांतेशनं आधी केलं ते कुठलाही कॉमेंटेटर करतो ते. आवाज वाढवला. दोन बॉलांच्या मध्ये गाणं लावलं. पण गाणं संपलं की ते शब्द पुन्हा ऐकू यायचे, खालून पाणी झिरपावं तसे. त्यानं हातानं खूण करून अण्णारावांना बोलावलं. अण्णाराव म्हणाले, स्पर्धेच्या नियमांत वाईड आहे, नो बॉल आहे, तोंडाबद्दल काही नाही. आणि खेळात असं होतंच.

तौसिफला पुन्हा बॉल मिळाला तेव्हा भीमाशंकरनं पुन्हा पाकिस्तान काढलं. महांतेशच्या जिभेला राहवलं नाही. माईक तोंडाशी घेऊन तो गंभीरपणे म्हणाला, "प्रेक्षकांतून सूचना आलेली आहे, की बॉलरनं पाकिस्तानला जावं. सूचना करणारे भीमाशंकर हे स्वतः अजून सोलापूरच्या पुढं गेलेले नाहीत. बॉलरची ओव्हर शिल्लक आहे, ती झाल्यावर दोघांनी बसून ठरवावं."

माळ हसून लोळायचा बाकी राहिला. बाभळीखालचीही काही पोरं हसली. महांतेशला चेव आला. मग जो जो शब्द आला, तो तो त्यानं उचलला, उलटा केला आणि भोंग्यावरून परत फेकला. सामना मुरुमनं जिंकला. लोकांनी महांतेशची पाठ थोपटली, कुणी म्हणालं बॉलिंगपेक्षा कॉमेंट्रीनंच विकेटी काढल्या. दोन्ही संघ पुढं आपापले सामने जिंकत गेले आणि फायनलला पुन्हा तेच दोघं समोरासमोर येणार हे ठरलं.

फायनलच्या आदल्या दिवशी कॅप्टननं सांगितलं, तौसिफ खेळत नाही म्हणतोय. कारण सांगत नाही. महांतेशला आश्चर्य वाटलं. त्याच्या हिशेबानं तौसिफच्या बाजूनं तो एकटाच तर लढला होता. बाजार उठल्यावर तो तडक तौसिफच्या घरी गेला, मनात थोडं कौतुक ऐकायची तयारी ठेवूनच.

तौसिफची आई खैरुनबी अंगणात वाळवणातली ज्वारी भरत होती. महांतेश तिला लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, आणि ती त्याला आल्या आल्या काहीतरी खायला द्यायची. आज तिनं बस म्हटलं, चहा ठेवला, कपही हातात दिला, पण खायला काही पुढं केलं नाही. तौसिफ उंबऱ्यावर बसून होता. महांतेशनंच विषय काढला. भीमाशंकरची कशी जिरवली, लोक अजून कशी आठवण काढतात, ते रंगवून सांगितलं. कुणी हसलं नाही. मग खैरुनबी ज्वारीतून हात न काढता म्हणाली,

"बेटा, त्या पोराचा आवाज आमच्या घरापर्यंत येत नव्हता. तुझा आला."

गावाकडं तोंड केलेला एक भोंगा नेमका या गल्लीच्या टोकाला होता, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्वतःच तर उभं राहून तो बांधून घेतला होता. खैरुनबी त्या दिवशी अंगणातच बसली होती. शेजारणीही होत्या. प्रत्येक शब्द त्यांनी ऐकला होता, खड्या आवाजात, स्वच्छ उच्चारात, आणि पाठोपाठ माळावरचं हसूही. कोण कुणाला हसतंय, ते भोंग्यातून थोडंच कळतं?

"म्या तर तुझ्या बाजूनं बोलत होतो," महांतेश तौसिफला म्हणाला.

"व्हय. माहिताय." तौसिफ म्हणाला. "मैदानावर पन्नास जणांनी ऐकलं असतं. तू यूट्यूबवर घातलं. आता पोरं तेच शब्द तुझ्या आवाजात म्हणून दाखवतात मला. माझा मेहनतीचा बॉल कुणाला आठवत नाही, तुझा जोक आठवतो."

महांतेशनं कप खाली ठेवला. तो म्हणाला, मग उद्या मी काहीच बोलत नाही, त्या बाजूला कान बंद ठेवतो. तौसिफनं मान हलवली. ते नको. गप्प बसणारे भरपूर आहेत, अण्णाराव आहेत की. मग करू तरी काय, असं महांतेशनं विचारलं, तेव्हा तौसिफ जरा विचार करून बोलला.

"काय म्हणालं ते सांगू नको. कोण म्हणालं, तेवढं सांग."

महांतेश घरी न जाता तसाच अण्णारावांकडं गेला. अण्णाराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि तलाठ्यानं सातबारा बघावा तसा प्रश्न चारी बाजूंनी बघितला. कुणावर आरोप करायचा नाही ना? नाही. शिवीचा उच्चार करायचा नाही ना? नाही. फक्त नाव घ्यायचं? फक्त नाव, आईवडिलांचं नाव, घर, गाव. मग ते म्हणाले, नाव घेणं हा काही गुन्हा नाही, वाढदिवसालासुद्धा घेतो आपण. परवानगी मिळाली. तौसिफकडूनही निरोप आला, खेळतो.

रविवारी माळ सकाळपासूनच भरला. टॉस झाल्यावर महांतेशनं जाहीर केलं, की आजपासून या मैदानावर एक नवी सोय आहे. जो कुणी खेळाडूच्या धर्मावरून, जातीवरून बोलेल, त्याचं नाव आदरानं घेतलं जाईल. शब्द सांगितला जाणार नाही. तो ज्याचा त्यानं घरी न्यावा. लोकांना हे नीट कळलं नाही. पलीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पलीकडच्या गावाची बॅटिंग दुसरी होती, म्हणजे तौसिफच्या हातात बॉल यायला निम्मा सामना जावा लागला. तो आला, आपल्या खुणेपर्यंत मागं गेला, पळायला लागला, आणि बाभळीखालून भीमाशंकर बोलला. बॉल पडला. धाव झाली नाही. महांतेश म्हणाला,

"चेंडू निर्धाव. बाभळीखालून बोलले भीमाशंकर, वडील शिवलिंगप्पा, मातोश्री गिरिजाबाई. घर मारुतीच्या पाराशेजारी, निळं दार."

बस. एवढंच. पुढच्या बॉलकडं तो वळलाही. पण माळावर काहीतरी चमत्कारिक झालं. कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना बाभळीकडं वळल्या, आणि भीमाशंकर काय म्हणाला असेल ते ज्यानं त्यानं आपापल्या मनात ठरवलं. काहींनी तर तो म्हणाला होता त्याहून वाईट ठरवलं. भीमाशंकर कोपऱ्यात उभं केल्यासारखा दिसायला लागला. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. एकदा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी त्यानं उचलला. पलीकडून गिरिजाबाई बोलत होत्या. त्यांच्या धाकट्या लेकीनं यूट्यूबवर सामना लावला होता. काय म्हणालास, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. ते त्याला सांगता येईना. आईपुढं म्हणता येईल असा तो शब्दच नव्हता. नुसतं काही न्हाय, काही न्हाय करत तो बाभळीमागं गेला आणि बराच वेळ तिकडूनच त्याचा आवाज येत राहिला, आता अगदी बारीक.

बाकीची पोरं सावध झाली. दोघातिघांनी रुमाल तोंडावर ओढून घेतले आणि रुमालाआडून बोलून बघितलं. पण ज्यानं वर्षानुवर्षं बाजाराच्या गोंगाटात कोण भाव बोलला ते नुसत्या आवाजावरून ओळखलंय, त्याच्यापुढं रुमालाचं काय चालणार? महांतेशनं एकेकाला वडिलांसकट पुकारलं. एकाचं नाव घेऊन झाल्यावर रुमालाची ऊब कशी आहे तेही विचारलं. हळूहळू बाभळीखाली शांतता पसरली. तौसिफच्या हाताला लय सापडली. एक दांडी उडाली, एक जण झेलबाद झाला, आणि मुरुमची बाजू नाचायला लागली.

नाचण्याच्या भरात मुरुमच्या बाजूनंच एक शब्द आला. पलीकडचा बॅट्समन रेवणसिद्ध कपाळाला विभूती लावून खेळायला उतरला होता. त्याच्या विभूतीवरून आणि गळ्यातल्या लिंगावरून कुणीतरी जोरात काही बोललं, आणि मुरुमचे लोक हसले. महांतेशनं आवाज ओळखला. ते पाशामियाँ होते, तौसिफचे सख्खे चुलते. पांढरी दाढी, गावात मान, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाणी वाटायला पहिले. पुतण्याला दिवसभर जे सोसावं लागलं त्यानं त्यांचं डोकं तापलं होतं. पण तसंच लिंग महांतेशच्याही गळ्यात होतं, आणि नियम तर सगळ्यांसाठी केला होता. त्यानं घसा साफ केला.

"आमच्याच बाजूनं बोलले आदरणीय पाशामियाँ. वडील मरहूम इमामसाब. घर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आपण तिथं शीरखुर्मा प्यालेलो आहोत."

पाशामियाँचा चेहरा दाढीच्या वर लाल झाला. ते उठले, काठी टेकत टेकत मंडपाकडं आले, आणि लोकांना वाटलं आता महांतेशच्या पाठीत काठी बसते. त्यांनी माईक मागितला. माईक कसा धरायचा ते त्यांना समजेना, ते त्याच्या वरच्या टोकाऐवजी दांड्यातच बोलले, त्यामुळं अर्धं ऐकू आलं नाही. पण एवढं आलं, की नाव बरोबर घेतलं, चूक माझी आहे, आणि रेवणसिद्धाच्या आजोबांबरोबर मी जोडीनं बैल घेतले होते, त्यांच्या नातवाला असं बोलायला नको होतं. रेवणसिद्धानं क्रीजवरूनच बॅट खाली ठेवून हात जोडले. पाशामियाँ परत जाऊन बसले आणि पुढं प्रत्येक बॉलला तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

महांतेशला वाटलं, याच्यापेक्षा अवघड आता काही येणार नाही. त्याच ओव्हरला ते आलं.

तौसिफ पळायला निघाला होता. बाभळीच्या डाव्या अंगाकडून आवाज आला, तरणा, जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटाला ओढणारा. शब्द घाण होता, आज दिवसभरातला सगळ्यांत घाण. हा आवाज महांतेशनं आपल्या घरात जेवताना ऐकला होता, आणखी एक भाकरी वाढा म्हणताना ऐकला होता. बसवेश. त्याच्या बायकोचा, श्रीदेवीचा, धाकटा भाऊ.

बॉल पडला, महांतेशनं धाव सांगितली. शब्दाचं काही बोलला नाही. दुसरा बॉल पडला. तो हवेबद्दल बोलला, हवा आज कोरडी आहे म्हणाला. मैदानावर सगळ्यांना ऐकू गेलं होतं. मुरुमचे लोक मंडपाकडं बघायला लागले. पलीकडचेही बघायला लागले, त्यांच्या चेहऱ्यावर तर मोठी उत्सुकता. बाभळीमागून भीमाशंकर मुद्दाम पुढं आला आणि त्यानं हाताची घडी घातली. तौसिफ आपल्या खुणेपाशी जाऊन थांबला. तो बसवेशकडं बघत नव्हता. बॉल पँटला घासत तो मंडपाकडं बघत होता, रागानं नाही, नुसताच, शाळेत मास्तरांनी कुणी दंगा केला म्हणून विचारल्यावर बघायचा तसा.

"चेंडू थांबलाय," महांतेश माईकवर म्हणाला. आवाज त्याच्या नेहमीच्या मापाचा नव्हता. "कारण कॉमेंटेटर थांबलाय. मघाशी बोलले बसवेश. वडील महारुद्रप्पा. गाव ओढ्यापलीकडचं. आमच्या मंडळींचे सख्खे बंधू, आणि माझे एकुलते एक मेहुणे."

सगळा माळ एकदम श्वास सोडल्यासारखा हलला. कुणीतरी शिट्टी मारली. तौसिफनं मान खाली घातली आणि पळायला सुरुवात केली.

मुरुममध्ये महांतेशच्या घराच्या गच्चीवर श्रीदेवी कपडे वाळत घालत होती. भोंग्यातून तिच्या वडिलांचं नाव आलं. ती पिळलेली चादर तशीच बादलीत टाकून निघाली. त्या माळावर बायका फारशा जात नसत, पण तिला कुणी अडवलं नाही. मंडपाजवळून जाताना तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की महांतेशनं एक चौकार दोनदा सांगितला. ती सरळ बाभळीकडं गेली, भावाच्या शेजारी जागा करून घेतली आणि बसली.

"अक्का, तू इथं कशाला?" बसवेशनं विचारलं.

"मॅच बघायला," ती म्हणाली. "काय म्हणाला होतास, ते घरी सांग. आता बघ."

तिच्या त्या बसण्यानं बाभळीखालचा सगळा कारखानाच बंद पडला. तिच्यापुढं कुणाला तोंड उघडता येईना. मात्र तिला स्वतःला येत होतं. ती अर्थातच माहेरच्या बाजूनं होती, आणि रेवणसिद्धाच्या जोडीदाराला अण्णारावांनी रनआउट दिल्यावर तिनं उठून खणखणीत विचारलं, की अण्णाकाका, चष्मा घरी राहिला का? पलीकडच्या पोरांना हर्ष झाला. नाव घ्या, नाव घ्या, दाजी, अक्काचं नाव घ्या, असा त्यांनी गिल्ला केला. महांतेश पेचात पडला. त्यानं माईकवरूनच अंपायरचा निर्णय मागितला. अण्णाराव खेळपट्टीवर उभे राहून विचार करत राहिले. मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं, की धर्म आणि जात सोडून अंपायरच्या चष्म्याबद्दल बोलायला मोकळीक आहे, आणि चष्मा खरोखरच घरी झोपाळ्यावर राहिलाय. रनआउट मात्र रनआउटच.

त्यानंतर जो सामना झाला, तो त्या माळावरचा सगळ्यांत गोंगाटाचा सामना असेल. कुणाच्या पोटाबद्दल बोललं गेलं, कुणाच्या पळण्याबद्दल, मुरुमच्या विकेटकीपरच्या हातांना लोणी लावलंय का असं पन्नास जणांनी विचारलं. शेवटच्या ओव्हरला बॉल तौसिफकडं आला. समोर रेवणसिद्ध. अख्खी ओव्हर तौसिफनं त्याला बांधून ठेवलं. शेवटच्या चेंडूवर एक चौकार बसला तर पलीकडचे जिंकणार, नाहीतर मुरुम. तौसिफ आपल्या खुणेपर्यंत मागं गेला. बाभळीखाली सगळे उभे राहिले, श्रीदेवीही. कुणी काही बोललं नाही. तो पळत आला, उडी घेतली, आणि यॉर्कर टाकायला गेला तो हातातून सुटला. बॉलचा टप्पाच पडला नाही. ताटात वाढल्यासारखा रेवणसिद्धाच्या बॅटवर आला. रेवणसिद्धानं तो बाभळीवरून, रस्त्यावरून, गव्हात घातला.

मुरुम हरलं.

महांतेशनं षटकार सांगितला, विजेत्यांचं अभिनंदन केलं आणि माईक बंद केला. त्याला वाटत होतं, आता तौसिफजवळ जावं, काही चांगलं बोलावं. तौसिफ मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून स्वतःलाच शिव्या देत होता. महांतेशच्या आधी बसवेश तिथं पोचला होता. श्रीदेवी थोड्या अंतरावर उभी. बसवेश मान खाली घालून चुकलं असं काहीतरी पुटपुटला.

"मघाशी मोठ्यानं बोललास," तौसिफ म्हणाला. "आता हळू का?"

बसवेशनं आजूबाजूला बघितलं. माणसं होती, त्याची दोस्तमंडळीही होती. मग त्यानं मान वर केली आणि चुकलं माझं, असं मैदानाच्या कडेपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. त्याचे कान लाल झाले होते. तौसिफनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. बॉल गव्हात आहे, तो हुडकून आण, एवढं म्हणाला. बसवेश गेला आणि खरंच हुडकून घेऊन आला.

सगळं काही गोड झालं असं नाही. भीमाशंकर कुणाशी न बोलता निघून गेला आणि त्याचे वडील त्या हंगामात आपली तूर महांतेश ज्या आडतीवर कामाला होता तिथं न आणता दुसरीकडं घेऊन गेले. मालकानं त्यावरून महांतेशला दोन शब्द ऐकवले. त्या संध्याकाळी श्रीदेवीनं ताट वाढलं. जेवण अर्ध्यावर आल्यावर तिनं तोंड उघडलं. माझ्या बापाचं नाव भोंग्यावर घेतलंत, तालुक्यानं ऐकलं, असं म्हणाली. महांतेशनं मान खाली घातली. भाकरी वाढता वाढता ती पुन्हा बोलली.

"आणि दोन बॉल थांबलात म्हणं. ते का?"

दोन्हीपैकी कुठल्या गोष्टीचा राग जास्त आहे ते त्याला समजलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. अण्णारावांनी मात्र पुढच्या वर्षीच्या नियमांत एक कलम घातलं. खेळाडूचा धर्म किंवा जात काढणाऱ्याचं नाव पुकारलं जाईल, दुसऱ्यांदा काढली तर त्याच्या संघाच्या धावा कापल्या जातील. अंपायरच्या चष्म्याला त्यांनी त्यातून स्पष्टपणे वगळलं.

तौसिफचं म्हणाल, तर त्याला गावात तोंड काढायची सोय राहिली नाही. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, महादेवाच्या देवळापुढं, जिथं फरशी बसवायला गेला तिथं, ज्याला त्याला एकच विचारायचं होतं. शेवटच्या बॉलला फुलटॉस का टाकला? न्हाव्यानं वस्तरा हातात धरून विचारलं. पाशामियाँनी जुम्म्याची नमाज होताच विचारलं. ज्यांच्या घरी फरशीचं काम चालू होतं त्या म्हातारीनं, रेषा बघ बाबा, ती तरी चुकवू नको, असं सुनावलं. तौसिफ वैतागून महांतेशला सांगायचा, ओला झाला होता बॉल, दव पडलं होतं. महांतेश म्हणायचा, दुपारी कुठलं दव? आणि दोघं भांडायचे.

महांतेश पुन्हा त्या अंगणात गेला तेव्हा खैरुनबीनं त्याच्यापुढं ताटली ठेवली. गुळाची पोळी होती, वर तूप. तो खायला लागल्यावर ती त्याच्याजवळ सरकून बसली आणि तौसिफ ऐकत नाही ना ते बघून हळूच म्हणाली,

"बेटा, हे फुलटॉस म्हंजे काय असतं? आणि यानं ते का टाकलं?"